मागच्या बराकीतलं भूत

प्रिय भोचकबाई,

हे नाव मी तुला ठेवलं तेव्हा तू एवढीशी होतीस, आणि शेजाऱ्यांच्या भांडणात मधोमध उभी राहून ‘मग काय झालं, मग काय झालं’ म्हणून दोन्ही बाजूंना पिडत होतीस. आता त्याच गुणाचा तुला रेडिओवाले पगार देतात, म्हणजे माझं नाव काही वाया गेलं नाही. मागे फोनवर तू म्हणालीस, भुताटकीच्या जागांच्या कार्यक्रमात पुढचा भाग आपल्या जुन्या तुरुंगावर करायचाय. आई, तू तर समोरच असतेस, मागच्या बराकीत खरंच काय वाजतं ते शोधून काढ आणि जमलं तर आवाज मोबाईलवर घे. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. त्यानंतर मी चकार शब्द काढला नाही, तेव्हा तुला वाटलं असेल, आई घाबरली. घाबरतेय कसली! काम कधीच फत्ते झालंय.

तुला माहीतच आहे, माझं अल्टरेशनचं दुकान तुरुंगाच्या फाटकासमोर, त्यामुळे भुताच्या सगळ्या तऱ्हा पँटच्या लांबीबरोबर माझ्याकडे जमा होतात. तोंडात टाचण्या धरलेल्या बाईला माणसं वाट्टेल ते सांगतात, कारण ती मध्ये बोलू शकत नाही. पेपरवाल्याचं म्हणणं, फाशी गेल्यावर ज्याच्या सुटकेचा हुकूम आला तो कैदी. न्हाव्याच्या मते भूत बाईचं आहे, आणि ती नवऱ्याला शोधतेय. बेकरीवाली म्हणते त्याला डोकंच नाही. मी टाचण्या काढून विचारलं, मग ते टोपी कुठे घालतं? तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आणि तिकीट काढून आलेल्यांना फिरवणारा तो टॉर्चवाला गाईड, त्याची कथा सगळ्यांत भारी. एक वेडा कैदी म्हणे मेल्यावरही गज मोजतोय, आणि मोजणी पुरी झाली की बाहेर पडणार. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत. दुपार कलली की पडझडीमुळे बंद ठेवलेल्या मागच्या बराकीतून ठण, ठण, ठण असा आवाज येतो, आणि तुम्ही कितीही आरडाओरडा करा, तो थांबत नाही. गाईडने शिट्टी फुंकून पाहिली, दगड मारून पाहिला. भूत ढिम्म!

तुरुंगातलं काही विचारायचं तर आपल्या घरातच माणूस आहे, म्हणून मी आधी आजोबांना विचारलं. म्हणजे वहीत लिहून दाखवलं, नेहमीसारखं. शेवटचा कैदी गावाबाहेरच्या नव्या तुरुंगात हलवला त्या दिवसापर्यंत त्यांनी तिथे शिपायाची नोकरी केली. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले, जन्म गेला तिथे, एक भूत दिसलं नाही, आणि आता तर तिथे चिटपाखरू नाही, मग भूत येणार कुठून? मग टोपी घातली आणि रोजच्यासारखे वाचनालयात निघून गेले. मला तेवढ्याने समाधान होतंय होय! मी दुकानाला कुलूप घातलं, तिकीट काढलं आणि गाईडच्या घोळक्यात जाऊन उभी राहिले.

एक कबूल करते, जागा आहे भारदस्त. इतकी वर्षं समोर बसून मी कधी आत पाऊल टाकलं नव्हतं. बाहेर घाम फुटत होता, आत भिंतींना हात लावला तर गार. दारं इतकी बुटकी की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि गाईड सांगतो, ती मुद्दाम तशी केलीत, म्हणजे कैद्याने आत येताना मान खाली घालावी. माझ्या मनात आलं, शिपायालाही तर रोज तीच घालावी लागत असणार. मी दारं बघत मागे रेंगाळत होते, तेवढ्यात वाजलं. ठण. मग ठण. एका लयीत, घाई नाही, गडबड नाही. एका बाईने किंकाळी फोडली, तिच्या नवऱ्याने तिच्याही आधी धूम ठोकली, आणि गाईड, ज्याचा हा रोजचा धंदा, तोही सगळ्यांच्या पुढे! मी राहिले. शूर म्हणून नव्हे गं. एक तर माझे गुडघे पळायचे नाहीत, आणि दुसरं म्हणजे भूत मला न दिसताच वाजतंय हे मला सहनच होईना. बंद बराकीला आडवी बांधलेली दोरी ओलांडून गेले.

बराकीच्या टोकाच्या खोलीपाशी भूत उभं होतं. खाकी टोपी काखेत, कपाळ गजाला टेकलेलं, डोळे मिटलेले, आणि हातात माझी शिवण बसवायची लाकडी हातोडी, जी हरवली म्हणून मी इस्त्रीवाल्याशी कडकडून भांडले होते. आजोबा! मी ‘बाबा’ म्हणून हाक मारली, अर्थात त्यांना ती ऐकू गेली नाही. ते पुढच्या गजाशी सरकले, कपाळ टेकलं, ठोकलं, थांबले, मान हलवली. एखादं आवडीचं गाणं लागावं तसा चेहरा झाला होता गं त्यांचा. मी जवळ गेले तेव्हा दचकले, पण खजील वगैरे काही नाही. उलट मला बोलावलं, माझं डोकं धरून गजाला लावलं आणि हातोडी मारली. कवटीत घंटा वाजली माझ्या!

मग तिथेच ओट्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. रोज संध्याकाळी कैद्यांना आत घेतलं की शिपायाने प्रत्येक गज ठोकून बघायचा, असा तिथला नेम होता. अख्खा गज खणखणीत वाजतो. रात्री-अपरात्री कानशीने थोडासा जरी कापला असेल, तर बद्द वाजतो. हे काम आजोबांकडे असायचं, कारण त्यांच्यासारखा कान दुसऱ्या कुणाचा नव्हता. पुढे कान वाहायला लागला, मग दुसरा, ऐकू येणं कमी होत गेलं, तेव्हा त्यांनी गुपचूप गजाला कपाळ टेकून ऐकायला सुरुवात केली, आणि गंमत म्हणजे तसं अगदी स्वच्छ ऐकू यायचं. निवृत्तीनंतर जग बंद झालं. एकदा बाजारातून आणलेलं कानातलं यंत्र नुसतं किंचाळायचं, ते त्यांनी खणात टाकलं. एके दिवशी फिरत फिरत ते तुरुंगाच्या मागे गेले. मुदपाकखान्याचं दार खांद्याने ढकललं की उघडतं हे त्यांना ठाऊक होतं. आत जाऊन जुन्या सवयीने गज ठोकला. आणि ऐकू आलं. मग रोज जायला लागले. वाचनालय म्हणजे नुसती थाप. वर मला म्हणतात, हल्ली लोक येतात आणि बघायच्या आधीच पळत सुटतात, कसली घाई असते कुणास ठाऊक!

मला रडू फुटलं. हसू येत होतं आणि रडूही. घरात आम्ही त्यांना काय देत होतो, तर वही. जेवायला या, औषध घ्या, दार लावा. गप्पा कोण लिहून मारणार? आणि हा माणूस एक आवाज ऐकायला रोज तुरुंगात जात होता, आपल्या पायांनी. मला काय सुचलं कोण जाणे, मी त्यांना गजाला कपाळ टेकायला लावलं, माझी हनुवटी त्याच गजाला लावली आणि म्हटलं, बाबा, चला घरी. त्यांनी कपाळ गजाला आणखी घट्ट टेकलं. मग म्हणाले, तुझा आवाज तुझ्या आईसारखा झालाय.

बाहेर गाईड पांढराफटक होऊन उभा होता. मी सांगितलं, मांजर आहे. आता लोखंड वाजवणारं मांजर कोण पचवणार? त्यामुळे त्याच्या फेरीत हल्ली माझाही समावेश झालाय. समोरची शिवणकामवाली आत गेली आणि बाहेर आली ती वेड्यासारखी बडबडतच, असं मी टाचण्या तोंडात धरून रोज ऐकते. गाईडने भूत पकडणारी माणसंही बोलावली आहेत, कॅमेरे नि यंत्रं घेऊन येणार म्हणतात. येऊ देत. भूत आता तिथे जात नाही.

कारण दुसऱ्याच दिवशी मी त्यांना कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, हट्टाने. त्यांनी आजोबांचं बोलणं ऐकलं आणि म्हणाल्या, बहिरी माणसं बहुधा मोठ्याने बोलतात, हे हळू बोलतात, म्हणजे स्वतःचा आवाज यांना ऐकू येतोय. मग एक पोलादी चिमटा हातावर आपटून घुमवला आणि तो त्यांच्या कानामागच्या हाडावर टेकवला. आजोबा माझ्याकडे बघून हसले, जणू म्हणत होते, बघ, या बाईंनाही माहीत आहे! आतला कान धड आहे, वाट तेवढी बुजलीय, असं त्या म्हणाल्या. आता डोक्याला एक पट्टा आणि त्यावर डबीएवढं यंत्र, हाडातून ऐकवणारं. घालून घरी आले तेव्हा नळ टपकतोय म्हणून त्यांनी मला झापलं. किती महिने टपकत होता तो!

तर आता मुद्द्याचं. तू मागितलेला आवाज माझ्या मोबाईलवर आहे, त्या दिवशी दोरी ओलांडताना मी बटण दाबलं होतं. चांगला आलाय, तुझा भाग गाजेल. पण सगळा गाव आपल्याला भूत समजत होता, हे आजोबांना अजून माहीत नाही. मी सांगितलेलं नाही. हसतील की कोमेजतील, मला अंदाज येत नाही, आणि माझ्याच बापाचा मला अंदाज येऊ नये याचं वाईट वाटतं. म्हणून त्यांना आधी तू सांग, तुझ्या तोंडाने, आणि ते हो म्हणाले तरच कार्यक्रमात घे. रविवारी फोन करशील तेव्हा माझ्याआधी त्यांना माग. आणि ओरडू नकोस, नेहमीच्या आवाजात बोल. आता तू म्हणशील, एवढंच होतं तर हे फोनवर सांगायचं, पानंच्या पानं कशाला खरडलीस? अगं, फोनवर कसं सांगू? पलीकडच्या खोलीत आजोबा जागे आहेत, आणि त्यांना सगळं ऐकू जातंय.

तुझीच, तुझ्याहून भोचक
आई