फरशीवाल्याला परत पाठवा

बाबा,

फरशीवाला आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. डाग निघाला! आईचे पाय चोळताना तुमच्या हातून सांडलेलं तेल संगमरवरात मुरलं होतं. खायच्या सोड्याच्या लेपाने ते पार ओढून घेतलं. "दगडाला मलमपट्टी करतेस का गं?" म्हणून हसणाऱ्या काकांना मुद्दाम बोलावून दाखवा.

ती लादी बदलली असती, तर आईने गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून दारापासून खिडकीपर्यंत जुळवून घेतलेली करडी रेघ मधेच तुटली असती. आता ती अखंड आहे. चष्मा लावून बघा, मगच शंका काढा.

आणखी चकाकी आणायला लिंबू किंवा व्हिनेगर लावाल, तर गाठ माझ्याशी आहे. आंबट लागलं की संगमरवराची झिलई जाते. आई म्हणायचीच, "यांच्या हौसेपुढे दगडही टिकायचा नाही." साधं पाणी आणि मऊ फडकं, बस्स.

पुन्हा काही मुरू नये म्हणून मी सीलर आणायला जाते आहे. डाग झाकायला तुम्ही ओढून ठेवलेली तुमची खुर्ची मी परत खिडकीशी, आईच्या खुर्चीशेजारी नेली आहे. चहा तिथेच बसून प्या.

तुमची हट्टी लेक