आचारसंहिता नसताना

लिहून ठेवणार : प्रेमाबाई रामलिंग कलशेट्टी, वय एकाहत्तर, धंदा दालमिल, राहणार मुरुम, तालुका उमरगा, जिल्हा धाराशिव. (धंद्यापुढे माझा भाचा बसवेश वकील याने आधी 'घरकाम' असे टाईप करून आणले होते. ते मी बदलून घेतले.)

कारणे मृत्युपत्र लिहून ठेवते ते असे की, माझी तब्येत वयाच्या मानाने बरी आहे. डाव्या कानाने कमी ऐकू येते, बाकी सगळे जागच्या जागी आहे. मी शुद्धीवर असल्याचा दाखला डॉ. उमाशंकर यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. अक्कल ठिकाणावर असल्याचा दाखला कोणी देत नाही म्हणून तो मीच देते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. चिरंजीव युवराजने जेवताना दोन-चारदा प्रयत्न करून पाहिला, पण मी ताक मागून विषय बदलला. माझे यजमान रामलिंग हे सन २०१९ मध्ये वारले. मला मुलगा युवराज व मुलगी महानंदा अशी दोनच अपत्ये आहेत. माझ्या पश्चात त्यांच्यात वाद होऊ नयेत म्हणून हे लिहीत आहे.

कलम १. मुरुम येथील राहते घर माझ्या नावे आहे. ते युवराज व सूनबाई यांना देते. स्वयंपाकघराच्या बाबतीत सूनबाईचा शब्द शेवटचा समजावा. माझ्या हयातीत तो समजला गेला नाही, याबद्दल तिने राग धरू नये.

कलम २. बोरमाळ, पाटल्या व कानातले महानंदाला. तांब्याचे मोठे घंगाळ माझ्या धाकट्या नणंदेने बारशासाठी नेले होते. ज्याचे बारसे होते तो आता पुण्यात नोकरी करतो. घंगाळ मी परत मागत नाही, पण ते तिला दिलेले नाही, एवढी नोंद असावी.

कलम ३. पतसंस्थेतील ठेवी दोन्ही मुलांना निम्म्या-निम्म्या. माझी हात असलेली खुर्ची मिलमध्ये डाळ निवडणाऱ्या केशरबाई व्यंकट गायकवाड यांना. जमिनीवर बसून डाळ निवडता निवडता त्यांची कंबर गेली. ती खुर्ची त्यांनी घरी न्यावी आणि त्यांच्या नातवंडांनी तिच्यावर उड्या मारू नयेत.

कलम ४. आता मिल. यासाठीच हा सगळा खटाटोप आहे, म्हणून हे कलम लांबेल. बसवेश म्हणतो की मृत्युपत्रात कारणे देण्याची गरज नसते. त्याला नसेल, मला आहे.

मिलमधील माझा संपूर्ण हिस्सा मी युवराजला देते. तो मेहनती आहे, माल ओळखतो, बाजारात त्याचा शब्द चालतो. परंतु हा हिस्सा पुढील अटीवर देत आहे. मिलच्या फाटकाच्या आत, म्हणजे कार्यालय, गोदाम, वजनकाटा व सगळे आवार, यांत कोणतेही पिस्तूल वा बंदूक येणार नाही. परवाना असो वा नसो, कमरेला असो, खणात असो की गाडीत असो. मालकाची असो की पाहुण्याची असो. ही अट मोडली तर माझा हिस्सा महानंदाकडे जाईल.

ही अट का, ते सांगते. यजमानांनी पिस्तूल घेतले ते रस्त्यासाठी. उमरग्याहून येताना त्यांची मोटरसायकल अडवून कोणीतरी पैशांची पिशवी हिसकावली होती. त्या रात्री ते उठून उठून दाराची कडी तपासत होते, ते मी पाहिले आहे. त्यांची भीती खोटी नव्हती, हे मी आजही म्हणते. रीतसर अर्ज करून त्यांनी परवाना मिळवला. पुढे रोख रकमेचे व्यवहार बँकेतून होऊ लागले, रस्त्याने पैसे नेणे थांबले, पण पिस्तूल काही थांबले नाही. ते रस्त्यावरून कार्यालयात आले आणि टेबलावर बसले.

त्या जागी आधी पानाचा डबा असायचा. कोणीही आत आले की डबा पुढे ओढायचे, पानाला चुना लावता लावता तक्रार सांगायचे. यजमान शिव्या द्यायचे आणि काम करून द्यायचे. पिस्तूल आले तसा डबा खणात गेला. यजमान ते बिलांवर ठेवायचे, म्हणजे पंख्याने कागद उडत नाहीत.

निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. यजमान कायद्याने वागणारे, पहिल्याच दिवशी जाऊन जमा करायचे. आणि दर निवडणुकीला आमच्या मिलमध्ये तक्रारींचा पूर यायचा. एकाला पगारवाढ हवी, दुसऱ्याला तोंडाला बांधायला फडके, बायकांना संडासाला कडी. यजमान चिडून म्हणायचे, "विरोधकांनी फूस लावलीय. बघ, निकाल लागला की कसे गप होतात." आणि खरेच, निकाल लागला की सगळे गप व्हायचे. विरोधक कोण आणि त्यांना आमच्या संडासाच्या कडीत काय रस, हे मला कधी कळले नाही, पण मीही बरीच वर्षे तेच धरून चालले होते.

एकदा केशरबाई माझ्याशी काही बोलायला येऊन थांबल्या. मी म्हटले, बोल की. तर म्हणाल्या, "बोलायचं हाय अक्का, पर आचारसंहिता लागू द्या."

मी हसले. म्हटले, तू कुठल्या पक्षाची गं?

"पक्ष कशाचा? पिस्तूल ठाण्यात गेलं की मालकाचं तोंड दिसतंय. तवर नुसतं पिस्तूलच दिसतंय."

हे मी घरी जाऊन यजमानांना सांगितले. ते खळखळून हसले आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात सगळ्यांना विनोद म्हणून सांगत बसले. टेबलावर पिस्तूल होतेच, त्यामुळे सगळे हसले.

आयुब इमाम शेख हे आमच्या मिलचे मिस्त्री. सन २०१५ च्या तुरीच्या हंगामात मिल दिवसरात्र चालू होती. आयुब एका दुपारी कार्यालयाच्या दारात आला तेव्हा मी आतच बसले होते. यजमान मान खाली घालून बिल शोधत होते. आयुब टेबलाकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "चहा सांगू का, मालक?" आणि गेला. आयुब चहा सांगणारा माणूस नव्हे, हे माझ्या ध्यानात आले, पण तोवर एक ट्रक काट्यावर आला आणि मी उठले.

त्याच आठवड्यात तूर वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या पट्ट्यात त्याचा उजवा हात गेला. पट्ट्यावरची जाळी निखळली होती. तेच सांगायला तो आला होता. सोलापूरच्या दवाखान्यात मी त्याला विचारले, आला होतास तर बोलला का नाहीस?

"बोलनार व्हतो अक्का. पर मालकांचा हात पिस्तुलाकडं गेला. त्याच्याखालचा कागद काढायलाच गेला वो, मला कळत व्हतं. पर पायच मागं आले."

यजमानांनी दवाखान्याचा सगळा खर्च केला, आयुबला काट्यावर बसते काम दिले, पगार तोच ठेवला. हे त्यांच्या बाजूने लिहिलेच पाहिजे. पण मी पिस्तुलाचे बोलले तेव्हा ते दुखावले. "मी उभ्या जन्मात कुणावर रोखलं का?" नव्हतेच रोखले. रोखायची गरजच कधी पडली नाही, हे मी त्यांना सांगत राहिले आणि ते पेपर वाचत राहिले. चांगला माणूस होता. त्याच्याशी मी चव्वेचाळीस वर्षे संसार केला आणि या एका गोष्टीवर आमचे जमले नाही. अजून राग येतो. त्या हंगामात कुठलीही निवडणूक नव्हती.

कलम ५. सन २०१९ च्या लोकसभेला यजमानांनी नेहमीप्रमाणे पिस्तूल जमा केले, मतदान केले आणि निकाल लागायच्या आत ते गेले. पिस्तूल तेव्हापासून ठाण्यातच आहे. ते वारस म्हणून युवराजला स्वतःच्या नावे करून हवे आहे. त्यासाठी इतर वारसांची संमती लागते. माझी संमती मागून मागून तो थकला. म्हणतो, "अव्वा, जमाना लई वाईट हाय. कमरंला कायतरी असल्याबिगर माणसं ऐकत न्हाईत." मी त्याला म्हणते, ऐकत नाहीत की बोलत नाहीत, ते आधी बघ.

माझी संमती नाही आणि मी मेल्याने ती मिळाली असे कोणी समजू नये. महानंदाने सही करू नये. पिस्तूल सरकारजमा व्हावे. मिलच्या सुरक्षेसाठी फाटकाला चांगला दिवा, कॅमेरे व रात्री दोन माणसे ठेवावीत.

वडिलांची आठवण म्हणून युवराजला मी पितळी पानाचा डबा देते. तो टेबलावर, होता त्या जागी ठेवावा. चुना रोज ओला करावा.

कलम ६. अट पाळली जाते की नाही हे कसे कळणार, असे बसवेश विचारतो. सोपे आहे. ज्या महिन्यात एकही कामगार तक्रार घेऊन कार्यालयात आला नाही, त्या महिन्यात महानंदाने येऊन टेबलाचे खण उघडून पाहावेत.

कलम ७. मिलमागच्या दोन खोल्या आयुब इमाम शेख यांना – हे कलम रद्द केले आहे. कारण खाली माझ्या हाताने लिहिते.

आज सकाळी सह्यांसाठी आम्ही सगळे मिलच्या कार्यालयात जमलो. साक्षीदार डॉक्टर आणि आमचा एक जुना अडत्या असे ठरले होते. बसवेशने सगळे वाचून दाखवले. वाचून झाल्यावर काट्यावरून आयुब आत आला आणि म्हणाला, साक्षीदार मला करा. बसवेशने समजावले की ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीला सही करणे बरे नव्हे, पुढे भांडण झाले तर खोल्या हातच्या जातील. आयुब म्हणाला, "खोल्या ऱ्हाऊ द्या अक्का. सही मलाच करू द्या. तवा दारातनं माघारी गेलो, आता न्हाई जायचा."

कलम ७ मी काट मारून रद्द केले. खोल्यांचे काय करायचे ते मी जिवंतपणी बघेन, त्याचा कागद वेगळा होईल.

आयुबने पेन डाव्या हातात घेतले, पण सही केली नाही. टेबलापलीकडे बसलेल्या युवराजकडे वळून म्हणाला, "सही करतोच मालक, पर आधी एक सांगायचंय. दोन नंबरच्या एलिव्हेटरची जाळी परत सैल झालीया. सकाळपासनं सांगीन म्हनतोय."

युवराजने माझ्याकडे पाहिले. मग तो उठला, बाहेर गेला, आणि थोड्या वेळाने मिलच्या मोटारीचा आवाज बंद झाला. इतके शांत झाले की माझ्या डाव्या कानालाही माझ्याच पेनाची कुरकुर ऐकू आली. युवराज अजून आलेला नाही. पाना घेऊन जाळीपाशी बसलाय, असे केशरबाईंनी दारातून सांगितले.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, राजीखुशीने खाली सही करत आहे. पहिली सही माझी, ती पाहून साक्षीदार माझ्यासमोर सह्या करत आहेत. आयुबची सही वाकडी आहे म्हणून कोणी शंका घेऊ नये. ती त्याचीच आहे, डाव्या हाताची.

लिहून ठेवणार : (सही) प्रेमाबाई रामलिंग कलशेट्टी

साक्षीदार :
(सही) डॉ. उमाशंकर बिराजदार, मुरुम
(सही) आयुब इमाम शेख, मिस्त्री, मुरुम

अंमलबजावणी करणार : (सही) ॲड. बसवेश हत्तरगे, उमरगा

स्थळ : दालमिलचे कार्यालय, मुरुम
दिनांक : १६ एप्रिल २०२५, बुधवार
आचारसंहिता : लागू नाही