मूठभर मांस

लेकीच्या बाबांस,

नमस्कार. पोरगी आता बरी आहे. मी मात्र शांत झाले असं समजू नका.

परवाचा फोटो बघून तुम्ही फोनवर म्हणालात, "चला, काडीच्या अंगावर मूठभर मांस चढलं." सासूबाईंनी तो शेजारीपाजारी मिरवलासुद्धा. अहो, ती सूज होती. तिची भीती कमी व्हायला इथल्या डॉक्टरीणबाईंनी दिलेली नवी गोळी तिला सोसली नाही. त्याच रात्री ओठ सुजले, डोळे उघडेनात, श्वास अडकायला लागला. उपचारासाठी घेतलेल्या खोलीसमोरच दवाखाना, म्हणून वाचली. इंजेक्शन दिलं, ती गोळी कायमची बंद केली.

तुमचा गुडघा कसा आहे? विचारायचं म्हणून विचारते.

घसा आवळतोय हे आधी का सांगितलं नाही, म्हणून डॉक्टरीणबाई रागावल्या. मी पोरीला विचारलं. म्हणाली, "सांगितलं असतं तर गोळी बंद केली असती. फोटो बघून आजी पहिल्यांदाच मला फोनवर छान दिसतेस म्हणाली होती."

सासूबाईंना नमस्कार नको, तिचं हे बोलणं तेवढं वाचून दाखवा.

रविवारी घरी येतोय. सूज उतरली आहे. दारात कुणी 'काडी' म्हणून हाक मारली, तर तिला घेऊन उंबऱ्यावरूनच मागे फिरेन.

तुमच्या मुलीची आई