शाकाहारी घरातलं माशीखाऊ झाड

मानपाडा, डोंबिवली पूर्व
२० जुलै २०२५

चि. सौ. मालन हिस,
ताईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं कानातलं मशीन फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं आणि मी इथून ओरडले की शेजारचे दार वाजवतात, म्हणून आपली पत्रंच बरी. आमचा पोस्टमन म्हणतो, अख्ख्या बिल्डिंगीत बँकांचे कागद येतात, हाताने लिहिलेलं फक्त तुमचंच.

घरात सगळं बरं आहे. ह्यांचा गुडघा कुरकुर करतो, पण कट्ट्यावर पत्ते खेळायला जायचं म्हटलं की ठणठणीत होतो. सूरजच्या लग्नाला दोन महिने होतील. सून तू पाहिलीसच. ऐश्वर्या ठाकुर्लीची, बोलायला गोड, कंपनीत जाण्याआधी माझ्या बरोबरीने कणीक मळते. नाव ठेवायला जागा नव्हती. आता सापडली आहे.

लग्नानंतर तिनं माहेरून एक कुंडी आणली. मला वाटलं, शोभेचं झाड असेल. परवा जास्वंद तोडायला बाल्कनीत गेले तर काय, त्या झाडाच्या प्रत्येक पानाच्या टोकाला उघडा जबडा, आतून लाल, कडेला पापण्यांसारखे काटे. एक माशी त्यात बसली आणि माझ्या डोळ्यांदेखत तो जबडा फटकन मिटला. आत ती धडपडत होती. माझ्या हातातली परडी खाली पडली. सूरज म्हणाला, आई, हे व्हीनस फ्लायट्रॅप, ते माश्या खाऊनच वाढतं. जसं काही गुलाबाबद्दल सांगतोय!

तुला ठाऊक आहे, सूरज लहानपणी डेंग्यूने हातचा जायची वेळ आली होती. तो बरा होऊन घरी आला त्या दिवशी मी माळ घातली आणि देवासमोर ठरवलं, की माझ्या घरात कुठलाही जीव मारला जाणार नाही. डाससुद्धा आम्ही जाळीने बाहेर ठेवतो. आणि आता माझ्याच बाल्कनीत हे!

मी ऐश्वर्याला सांगितलं, की झाड बाहेर द्यावं लागेल. ती नुसती कुंडीकडे बघत राहिली. नंतर सूरजकडून कळलं, की तिचे वडील भगवानराव गेल्या वर्षी गेले ना, त्यांनी तिला शेवटच्या वाढदिवसाला दिलेलं झाड आहे ते. आता मी काय करू? शेवटी मीच तोडगा काढला, की या घरात शिजतं ते झाडाने खाल्लं तर राहू दे. ती म्हणाली, की आई, मी प्रयत्न करते. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच माणूस बोलावून बाल्कनीलाही जाळी मारून घेतली.

मी चुकले का गं? लवकर लिही. लोभ आहे तसाच असू दे, वाढला तर ठेवायला जागा आहे.

तुझी,
रंभाताई

~

कोलशेत, ठाणे
२७ जुलै २०२५

ती. सौ. रंभाताईस,
मालनचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले, की आमच्या घरी सगळे धावत आले. ताई, उद्या तू वाघाला वरणभात वाढशील आणि वर तूप हवं का विचारशील. ज्या डासाने सूरजला आजारी पाडलं त्याच्या नातवंडांना तू तीस वर्षं अभय दिलंस, हे मात्र तुलाच जमावं.

आता थट्टा बाजूला. मी लग्न होऊन कोलशेतला आले तेव्हा काय होतं आठव. खाडीकाठचं घर, रोज मासे, आणि मी आपल्या आईच्या हातचं वरण खाऊन वाढलेली. पहिल्या दिवशी सुकटीच्या वासाने मला उमासे आले. सासूबाईंनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी चुलीशेजारी माझ्यासाठी वेगळा तवा आणि वेगळा पाटा. त्या स्वतः माझी भाजी आधी करायच्या आणि मग मासळीला हात लावायच्या. मला कुणी कधी विचारलं नाही, की तू कधी बदलणार.

तुझा नेम मोडावा असं मी म्हणत नाही. तो तू कशासाठी घेतलास ते मी पाहिलंय. पण ती पोर बापाची आठवण तुझ्या अटीवर जगवायला बघतेय, तेव्हा तू नुसती पंच होऊन बसू नकोस. तुझ्या हाताला चव आहे, नात्यागोत्यातलं प्रत्येक माणूस तुझ्या हातचं मागून खातं. एका झाडाला जेवू घालता येणार नाही होय?

कुंडलिकरावांना नमस्कार, त्यांच्या गुडघ्याला वेगळा नमस्कार.

तुझी रागावणारी आणि तरीही तुझीच,
मालन

~

मानपाडा
२४ ऑगस्ट २०२५

चि. मालन हिस, आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र झोंबलं. झोंबलं म्हणूनच इतके दिवस उत्तर लिहिलं नाही.

झाडाची तब्येत बरी नाही. ऐश्वर्या नेमाने सगळं करते. नळाचं पाणी त्याला चालत नाही म्हणून पातेलं बाहेर ठेवून पावसाचं धरते. पण जेवण काही पचत नाही. भिजवलेली मूगडाळ दिली, जबडा मिटला आणि दुसऱ्या दिवशी डाळ जशीच्या तशी ठेवून उघडला. पिकल्या केळ्याचा तुकडा दिला तर आतून बुरशी आली, जबडा काळा पडून गळला. नारळी पौर्णिमेला मी स्वतः नारळाचा चव दिला. म्हटलं, सणाचं आहे, खाईल. तोही जबडा सडला. मग पुरण. त्याचं तर नावच काढू नकोस. ह्यांनी सुचवलं, की ठेचा द्या, आपोआप तोंड उघडेल. मी त्यांना कट्ट्यावर पाठवून दिलं.

आता मोजके जबडे उरलेत. ऐश्वर्या म्हणते, की उन्हावर झाड जगेल, मरणार नाही, पण खुरटं राहील. माझ्यावर मात्र एकदाही चिडली नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

परवा मीच म्हटलं, की पोरी, कुंडी ठाकुर्लीला आईकडे नेऊन ठेव, तिथे त्याला खाऊ दे त्याचं त्याचं. रविवारी जाऊन बघत जा. मला वाटलं, तिला बरं वाटेल. तिचे डोळे भरले. म्हणाली, की आई, तिथे ठेवायचं असतं तर मी आणलंच नसतं. बाबांनी झाड देताना सांगितलेलं, की तुझं घर होईल तिथे घेऊन जा. माझं घर हे आहे ना?

मालन, मी स्वयंपाकघरात गेले आणि डबे उघडत बसले. आजपासून हे झाड माझंही आहे. बघू कसं जेवत नाही ते.

गणपतीची तयारी सुरू आहे. यंदा तुझ्या मोतीबिंदूच्या तपासण्या आहेत, तेव्हा धावपळ करत येऊ नकोस. प्रसाद पाठवते, माया तू पाठव.

रंभाताई

~

मानपाडा
१४ सप्टेंबर २०२५

ती. मालनमावशीस,
ऐश्वर्याचा सा. न.

मावशी, पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर हसू नका. आईंनी सांगितलं, की ही बातमी फोनवर वाया जाईल, तूच लिही.

झाड जेवलं! खरंच जेवलं!

झालं असं. आई मला रोज विचारायच्या, की माशीत असं काय असतं जे आपल्याकडे नाही. मी सांगितलं, मेन म्हणजे प्रोटीन. साखर नको, तेल नको, मीठ तर अजिबात नको. आईंनी लगेच सोयाबीनच्या वड्यांचा डबा काढला. डॉक्टरांनी सूरजच्या पप्पांना प्रोटीन खायला सांगितलंय म्हणून आणलेला आणि पप्पा हात लावत नव्हते तोच. पावसाच्या पाण्यात वडी भिजवली, घट्ट पिळली, पाट्यावर वाटली आणि मोहरीएवढी गोळी केली. मी चिमट्याने आत सोडली. जबडा मिटला. दुसऱ्या दिवशी परत उघडा, गोळी तशीच! मी तर रडायलाच आलेले.

आई मात्र तिथेच स्टूल टाकून बसल्या. म्हणाल्या, की मला सांग, माशी आत गेल्यावर काय करते? मी म्हटलं, धडपडते. तेव्हाच मला क्लिक झालं. ती हलते म्हणून झाडाला कळतं, की आत खरंच काहीतरी आहे, मग ते घट्ट मिटून पचवायला घेतं. आमची गोळी बिचारी गपचूप पडलेली. आईंनी देवघरातून एक नवी फुलवात आणली. मी दुसऱ्या जबड्यात ताजी गोळी सोडली, आणि तो मिटल्यावर आई वातीच्या टोकाने त्याला बाहेरून हळूहळू दाबत, गोंजारत राहिल्या. बाळाला थोपटतात ना, तसंच. वर त्याला सांगतायत, की खा रे, कुणाचा जीव घेतलेला नाही, निवांत खा. हळूहळू कडा अशा चिकटल्या, की मध्ये फटच राहिली नाही.

आठवडा उलटला तरी मिटलेलाच. आईंना धीर नाही, सारख्या बाल्कनीत. या गुरुवारी उघडला आणि आत फक्त कागदासारखा सुका पापुद्रा. मी इतकी ओरडले, की शेजारच्या काकू लाटणं घेऊन आल्या. पप्पांनी पूर्ण मजल्याला पेढे वाटले. आणि मध्यभागी नवी पानं येतायत, आधीच्यापेक्षा मोठी!

आता आई सकाळी उठल्या उठल्या विचारतात, आपलं झाड कसं आहे. आपलं म्हणतात, मावशी.

पुढच्या महिन्यात ठाण्यात झाडांचं प्रदर्शन आहे. आईंनी परस्पर नाव दिलंय. तुम्ही यायलाच पाहिजे.

तुमच्या आशीर्वादाच्या लाइनीत सगळ्यांत पुढे उभी,
ऐश्वर्या

~

कोलशेत
२३ सप्टेंबर २०२५

चि. सौ. ऐश्वर्या हिस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा तुझ्या काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. पापलेट खाता खाता ते म्हणाले, की या घरातही कुणी सोयाबीनची गोळी आणली तर मी आधीच जबडा मिटून घेईन.

प्रदर्शनाला यायला मन धावतंय गं, पण त्याच आठवड्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. तेव्हा ताईला सांग, की एकही गोष्ट न गाळता लिही, अक्षर मोठं काढ. आणि तिला घाबरू देऊ नकोस. चार लोकांसमोर ती उगाच गप्प होते.

तुम्हां दोघींचीही,
मालनमावशी

~

मानपाडा
७ ऑक्टोबर २०२५

चि. मालन हिस, आशीर्वाद. वि. वि.

ऑपरेशन छान झाल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. अक्षर मोठं काढते आहे. काळा चष्मा काढू नकोस, कुणाकडून तरी वाचून घे.

रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं. आपल्या कुंडीसमोर ऐश्वर्याने पाटी लावली होती, की हे झाड शाकाहारी जेवण घेतं. त्यामुळे गर्दी आमच्याकडेच. परीक्षक आले, टाय लावलेले, हातात भिंग. माइकवर म्हणाले, की हे जरा गमतीचं आहे, किडे खाणारं झाड वड्या पचवत नसतं. असं असेल तर आत्ता भरवून दाखवा. मालन, मी घाबरून ऐश्वर्याच्या मागे सरले. सूरजने मला पाणी दिलं. ऐश्वर्याने गोळी चिमट्यात धरली आणि सगळ्यांत मोठ्या जबड्याकडे नेली. हा आपल्या सोयाबीनवर वाढलेला पहिला जबडा, माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा.

आणि कुठून कोण जाणे, एक माशी आली. सरळ त्याच जबड्यात बसली. फटकन मिटला!

हॉलमध्ये टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. परीक्षक हसून म्हणाले, की बघा, झाडाने स्वतःच उत्तर दिलं.  खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, की देवानेच निकाल दिला, आता पोरीच्या झाडाला त्याचा घास घेऊ द्यावा. आपण गप्प राहावं.

ऐश्वर्याने माझ्याकडे एकदा पाहिलं.  चिमटा खाली ठेवला आणि दोन्ही हातांच्या नखांनी तो जबडा उघडायला लागली. लोक अरे अरे म्हणाले, परीक्षक म्हणाले, की बाई, फाटेल. फाटलाच. एका बाजूने कचकन चिरला. पण माशी बाहेर पडली, पंख झाडले, परीक्षकांच्या गुणांच्या कागदावर जरा बसली आणि दारातल्या भजीच्या स्टॉलकडे निघून गेली.

मी तिचा हात धरला. म्हटलं, अगं काय केलंस, तुझं झाड! ती इतकंच म्हणाली, की आई, बाजूचा जबडा उघडा आहे, तुम्ही वात काढा.

मग माझी भीती गेली बघ. तिनं गोळी सोडली, जबडा मिटला आणि मी वातीने थोपटायला घेतलं.  लहान मुलं टाचा उंच करून बघत होती. कडा जुळत गेल्या, काटे एकमेकांत अडकले, मग ती बारीकशी फटही मिटली. परीक्षक भिंग घेऊन वाकले. ऐश्वर्याने त्यांना दुसऱ्या पानातला जेवून उरलेला पापुद्रा दाखवला, बुरशी नाही, वास नाही. बराच वेळ ते सरळच झाले नाहीत. मग माइक हातात घेऊन म्हणाले, की मी चुकलो होतो, आणि या सासूबाईंनी मला गोळी कशी करायची ते सांगावं. मी सांगितलं. माइकवर सांगितलं, मालन, मी! वडी किती भिजवायची, किती पिळायची, वात कशी वळायची. मागची माणसं मोठ्याने बोला म्हणाली तर मोठ्यानेही बोलले. तुझ्याशी फोनवर बोलून आवाज तयार झालेलाच होता.

अनोख्या झाडांच्या गटात आपला पहिला नंबर आला. ह्यांनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, भर हॉलमध्ये, या वयात. ट्रॉफी ऐश्वर्याने माझ्या हातात दिली. मी ती ह्यांच्याकडे दिली, कारण मला कुंडी धरायची होती.

डोळा सांभाळ. इथे सगळे आनंदात आहोत, त्यातला तुझा वाटा काढून ठेवला आहे.

तुझी,
रंभाताई