परसेवारन्स

२ नोव्हेंबर १९५४
आजपासून मी इंग्रजी शिकतो! वय पन्नाशीला टेकलेलं, शाळा तिरुनीलक्कुडीच्या देवळाच्या ओवरीतली, आणि आता हा बाक — ज्यावर मांडी घालता येत नाही.

शिकायचं आहे सुंदरीला, म्हणजे सुनेला. लग्नाआधी नववीपर्यंत झालेली. मार्चात एस.एस.एल.सी.ला बाहेरून बसते म्हणते, मग मास्तरणीचं ट्रेनिंग. शिकवणी संध्याकाळची. सून एकटी बाजारातून कशी जाणार? म्हणून सासरा सोबत. मला वाटलं, आपण ओट्यावर बसून जप करू. शिकवणीचे मास्तर शंकरनारायण, ज्यांना सगळे 'सार' म्हणतात, दारात येऊन म्हणाले, "माझं घर म्हणजे बसस्टँड नव्हे. बसायचं तर आत, आणि पुस्तक उघडून."

उघडलं. उलटं उघडलं. सुंदरीनं सरळ करून दिलं.

५ नोव्हेंबर
ह्या पुस्तकाला 'नॉन-डिटेल' म्हणतात. म्हणजे खोलात न शिरता भराभर वाचायचं. सार एकेका ओळीवर तास घालवतात.

एक इंग्रज पोरगा, एडविन. बाप नाही, एक पाय अधू, गाव डोंगरावर, गावाला पाणी नाही. म्हणून तो विहीर खणतो. पहिल्या पानापासून खणतो. इथे कुंभकोणात कुदळ हातातून निसटून पडली तरी पाणी लागतं! तुळशीसाठी खड्डा केला तर बेडूक निघतो. आणि आम्ही वाचायचं काय — तर पाणी कसं लागत नाही ते.

सारांनी फळ्यावर एक लांबलचक शब्द लिहिला. सगळी गोष्ट म्हणे ह्या एका शब्दात आहे. (मग बाकीची छापली कशाला?) ऐकला तसा मी घरच्या मराठीत उतरवून घेतला — परसेवारन्स. परसेवा कळली. दुसऱ्याची सेवा. 'रन्स' क्रिकेटातले असावेत.

सारांनी माझं लिखाण विचारलं. मी वाचलं, अर्थासकट. वर्ग हसून हसून लोळला. एक पोरगा तर बाकावरून खाली गेला. अर्थ निघाला चिकाटी.

सुंदरी हसली नाही. परतताना म्हणाली, "मामंजी, मला तुमचाच अर्थ बरोबर वाटतो."


१९ नोव्हेंबर
एडविन खणतो आहे.

२८ नोव्हेंबर
घरात बायकोचा अबोला. अबोला म्हणजे माझ्याशी बोलत नाही, माझ्याबद्दल भांड्यांशी बोलते. "सुनेला शाळेत घालतात! उद्या मला घाला."

आमचे चिरंजीव त्रिविक्रम लग्नानंतर वर्षभरात मद्रासला सिनेमात गेले. गेले ते गेलेच. ते सिनेमात आहेत, सिनेमा अजून त्यांच्यात आलेला नाही. खबर अशी की कुणाला तरी ते कुठंतरी दिसतात. आईची श्रद्धा मात्र कायम. "महामहमला येईलच. बारा वर्षांनी येणारं स्नान, कुंभकोणचा पोर चुकवील का?" महामहमला अजून वर्षाहून जास्त अवकाश आहे. तोवर सुनेनं काय करायचं?

"वाट बघायची. पुराणातल्या बायकांनी नाही बघितली?"
"बघितली," मी म्हटलं. "पण त्यांना परीक्षेची तारीख आलेली नव्हती."
"अहो, तुम्ही गप्प बसा! झोपेतसुद्धा परसेवारन्स परसेवारन्स बडबडता!"
बडबडतो म्हणे. निदान कुठंतरी पाठ होतंय.

१४ डिसेंबर
सारांचं फर्मान : प्रत्येकानं आपल्या घरातल्या चिकाटीचं एक उदाहरण इंग्रजीत सांगायचं. एकानं आजोबांची काशीयात्रा सांगितली. एकानं स्वतःचंच — लागोपाठ नापास होण्याचं. सार म्हणाले, हे उदाहरण फार मोलाचं आहे, अजून चालू दे.

मग सुंदरी उठली. सगळ्या गल्लीला माहीत आहे ती कुणाची वाट बघते. आता ही तेच सांगणार आणि मी मान कुठे घालणार?

ती हळूहळू बोलली. मला दोनच शब्द कळले, फादर आणि लॉ. वर्ग पुन्हा हसला. सारसुद्धा.

वाटेत विचारलं, काय गं बोललीस?
"म्हटलं, माझ्या सासऱ्यांना एक शब्द कळत नाही, पण ते रोज येतात."
ह्याच्यावर हसावं की काय करावं? मी छत्री उघडली. पाऊस नव्हता.

५ जानेवारी १९५५
वैकुंठ एकादशी. चक्रपाणीच्या देवळात पहाटे गेलो. काय मागितलं ते इथेही लिहीत नाही. दिवसभर निर्जळ, आणि संध्याकाळी त्या पोराची कोरडी विहीर. आज आम्हा दोघांचं बरं जमलं.

नवी बातमी : शेवटची दोन प्रकरणं परीक्षेला नाहीत! म्हणजे एवढे महिने खणून पाणी लागलं की नाही ते सरकारला महत्त्वाचं वाटत नाही. सुंदरीनं ती आपली आपण वाचून काढली आहेत. विचारलं तर म्हणते, "तुम्हीच वाचा."
उद्धट झाली आहे. बरं वाटलं.

१० फेब्रुवारी
बायकोचा भाऊ रंगा आला. दारासुरमचं रेशीम मद्रासला नेतो, येताना बातम्या आणतो. "अक्का, त्रिविक्रम भेटला! मार्चच्या मध्याला येतो म्हणाला."
मार्चच्या मध्याला! नेमकी परीक्षा. इतकी वर्षं ज्याला मुहूर्त सापडला नाही, त्यानं हा बरा शोधला.

हिनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. परीक्षा नाही. "नवरा दारात उभा, आणि बायको कागद खरडत बसलेली? लोक तोंडात शेण घालतील."

सुंदरी विहिरीवर पाणी शेंदत होती. मी गेलो. तिनं घागर भरली, खाली ठेवली, म्हणाली, "मामंजी, तुम्ही सांगाल तसं."
म्हणजे कुदळ माझ्या हातात.

११ फेब्रुवारी
काही सुचलं नाही.

१२ फेब्रुवारी
आमच्या दुकानात समया पुसत होतो. नाचियार्कोविलहून नवा माल आला आहे. एका गिऱ्हाइकानं विचारलं, ही समई फार वर्षं टिकेल ना? म्हटलं, टिकेल हो, पण तेल घालावं लागतं. आपल्याच तोंडचं वाक्य ऐकून पुसलेलीच समई पुन्हा पुसायला घेतली.
बसेल ती परीक्षेला. हिला अजून सांगितलेलं नाही. देवाला सांगितलं आहे. तो ओरडत नाही.

१४ मार्च
सकाळी सांगितलं. वादळ झालं! "आणि तो आला म्हणजे?"
"तू आहेस ना घरात. आईला ओळखेल तो, अजून."

एवढं बोलायला नको होतं. ही चुलीपाशी जाऊन बसली. आम्ही निघालो तर दारात आडवी! मला वाटलं संपलं. तिनं सुंदरीचा हात ओढला, तळव्यावर दही घातलं आणि आत निघून गेली.
सुंदरी म्हणते, आंबट होतं.

२० मार्च
परीक्षा संपली. कुणी आलेलं नाही. ही रोज दोन वाट्या जास्त भात लावत होती. आज लावला नाही.

९ जून
सुंदरी पास! इंग्रजीत वर्गात सगळ्यांच्या वर. सारांनी मला साखर दिली आणि विचारलं, "तुम्ही का बसला नाहीत?" थट्टा होती. पण घरी येईपर्यंत मी त्याचा विचार करत होतो, हे खरं.

३ जुलै
ट्रेनिंगसाठी तिरुच्ची, दोन वर्षं, राहायचं तिथंच. गाडीत बसल्यावर तिनं ते पुस्तक खिडकीतून माझ्या हातात दिलं. "शेवट राहिलाय तुमचा."
ही स्टेशनात कुठंतरी भलतीकडेच बघत होती. गाडी हलल्यावर म्हणाली, "लोणच्याची बरणी नीट धरायला सांगितलंत का?"

२१ जानेवारी १९५६
वाचून झाली शेवटची दोन प्रकरणं! निम्मे शब्द सारांना विचारून, उरलेले देवावर सोडून.

पाणी लागत नाही! खाली सगळा खडक. एडविन सगळं पुस्तकभर खणलेली ती विहीर बुजवतो, टेकडी उतरून पलीकडे जातो आणि नवी खणायला लागतो. आणि गोष्ट खलास! तिथं लागलं की नाही, सांगतसुद्धा नाहीत. ह्याला इंग्लंडात गोष्ट म्हणतात.

हिला ही सगळी हकीगत रागारागानं सांगितली. हिनं भाजी चिरता चिरता ऐकली. म्हणाली, "आधीच नाही का बुजवायची?"

२७ फेब्रुवारी
महामहमच्या लाखोंच्या लोंढ्यात त्रिविक्रम आला. काळा चष्मा, पुढचे केस गेलेले. आई रडली, पायसम केलं. तो दोनदा घेऊन जेवला, हात धुतले, घरभर बघितलं. "सुंदरी कुठंय?"
"तिरुच्चीला. मास्तरीण होते आहे."
"येईल कधी?"
मी हिच्याकडे बघितलं. आता म्हणेल, तार करा, बोलावून घ्या.
ही त्याचं ताट उचलत म्हणाली, "बस की वाट बघत. जरा परसेवारन्स ठेव."