एकाच गवताच्या अठ्ठेचाळीस पिशव्या

प्रिय खारूताई,

तुझ्या अठ्ठेचाळीस पिशव्या काल उघडल्या आणि त्या फुकट गेलेल्या नाहीत. हे वजनकाट्यावरच्या मावशींनी सांगितलं, तेही तीनदा वजन करून. त्यांचं तोंड तुला ठाऊकच आहे. पहिल्यांदा मला म्हणाल्या, मुकादम, काटा बिघडलाय. तिसऱ्यांदा म्हणाल्या, काटा शहाणा आहे, आपलीच डोकी बिघडली होती.

प्रत्येक पिशवीत तू दहा ग्रॅम वाळलेलं गवत भरलं होतंस. दहा महिने ते मातीवर कुजलं. जिथे एकाच जातीचं गवत वाढतं त्या वाफ्यांत साडेसहा ग्रॅम उरलं. जिथे सोळा जाती एकत्र नांदतात तिथे जेमतेम चार! पिशव्यांत गवत मात्र सगळीकडे तेच. आपल्या संशोधन केंद्राच्या मोठ्या मॅडम खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, आजवर आपण ज्या वाफ्याचं गवत त्याच वाफ्यात ठेवत आलो, त्यामुळे फरक गवताचा की जागेचा, हे कधी कळलंच नाही. आता जागा एकटी बोलली. सोळा जातींखाली सावली दाट, ओल दुपारपर्यंत टिकते, किडामुंगीचा राबता मोठा. म्हणून तिथे तेच गवत लवकर मातीला मिळतं.

मला तू सहा वर्षांची असतानाची आठवलीस. गेल्या वर्षीचं गवत कुठे जातं, असं विचारलं होतंस. मी कामाच्या नादात म्हणालो, वारा नेतो. तू मूठभर गवतावर दगड ठेवलास आणि चार महिन्यांनी मला हाताला धरून तिथे नेलंस. दगड होता, गवत नव्हतं. वारा दगडाखाली शिरतो का गं, असं वर मावशींना विचारलंस. त्या अजून हसतात.

आत्या फोनवर म्हणते, पोरगी बरी आहे, दुकानात कापड झकास मोजते. तू मात्र फोनवर येत नाहीस. का ते मला माहीत आहे. चार वेगळ्या वाफ्यांचं गवत भरायचं, तर सगळ्या पिशव्यांत एकच भरलं गेलं, हे कळलं तेव्हा पिशव्या माळावर ठोकून झाल्या होत्या. शेडमध्ये आठ माणसांसमोर मी ओरडलो, तुला साधी पोती ओळखता येत नाहीत, तू माळ काय ओळखणार! तू हातमोजे खिळ्याला अडकवलेस आणि आत्याकडे निघून गेलीस. एक शब्द उलटून बोलली नाहीस.

बोलायला हवं होतंस गं. पोती मी काढून दिली होती. गळक्या पत्र्याखाली पोत्यांवरच्या वाफ्यांच्या चिठ्ठ्या भिजून गळाल्या होत्या, म्हणून मी अंदाजाने नव्या लिहून बांधल्या. चारही पोती एकाच थप्पीतली निघाली. कुट्टी केल्यावर सगळं गवत सारखंच दिसतं. तुलाच काय, मलाही कळलं नसतं. तू गेलीस त्याच संध्याकाळी थप्पीमागे जुन्या चिठ्ठ्या सापडल्या. तीस वर्षांचा मुकादम चुकतो, हे माझ्या तोंडून निघेना. दहा महिने गप्प बसलो. काल मॅडमनी विचारलं, सगळीकडे एकच गवत ठेवायची ही कल्पना कोणाची, तेव्हा मावशी माझ्याकडे टक लावून बघत होत्या. त्यांना माझी चूक बहुतेक कधीचीच कळली असावी.

मॅडमना आज सगळं सांगून आलो. पुढच्या हंगामात दोन्ही तऱ्हेच्या पिशव्या, ज्या त्या वाफ्याच्या गवताच्या आणि एकाच गवताच्या, ठेवायच्या आहेत आणि ते काम तुझ्याकडे द्यायचं त्यांच्या मनात आहे. सोमवारी दहा वाजता शेडमध्ये बैठक आहे, तेव्हाची आठही माणसं असतील. मी उभा राहून सांगणार आहे की चूक माझी होती. तू आलीस तरी सांगणार, नाही आलीस तरी. पण तुझ्यादेखत सांगता आलं तर बरं. साडेनऊची बस फाट्यावर थांबते. मी तिथे नऊपासूनच असेन.

चुकलेला, तरी तुझाच,
बाबा