दादासाठी दोन प्रोसेसर

६ फेब्रु. २००५, रवि. कन्हेरी
दादाची वकिलीची परीक्षा एप्रिलात. मी पुस्तकाचं पान स्कॅनरवर ठेवते, कॉम्प्युटर अक्षरं ओळखतो आणि दादाला वाचून दाखवतो. पण नवं पान ओळखायला घेतलं की वाचणारा आवाज तुटतो, कधी पार बंद. डोळसाला निदान पडदा दिसतो. दादा आज म्हणाला, "सुजे, ह्यो गप झाला की मी दुसऱ्यांदा आंधळा होतो."


९ फेब्रु., बुध.
एमआयडीसीत, मी कामाला जाते त्या डेअरीतला जुना सर्व्हर भंगारात निघतोय. आत दोन प्रोसेसर! एक पान ओळखेल, दुसरा वाचत राहील. साहेबांना दादाचं सांगितलं. रविवारी न्या म्हणाले. आनंदात डबा खायचाच राहिला.
येताना कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या जगतापरावांकडे. दोन प्रोसेसर कंपन्यांना ठीक. घरात पत्र टाइप करायला, गाणी ऐकायला एक बास, असं त्यांचं मत. घरातलं माणूस एका वेळी एकच काम करतं का, मी विचारलं. हसले. पण विंडोज प्रोफेशनल टाक, साध्या विंडोज होमला दुसरा प्रोसेसर चालत न्हाय, हे त्यांनीच सांगितलं.

१३ फेब्रु., रवि.
गाडी मी चालवली. मागं दादा, सर्व्हर मांडीवर कवटाळून. एमआयडीसी ते कन्हेरी, तसाच.
जगतापराव स्वतः येऊन जोडून गेले. पंखे गिरणीसारखे घुमतात. आई वैतागली.
मग पान ठेवलं. आवाज चालू. दुसरं ठेवलं. चालूच! पडद्यावर दोन्ही प्रोसेसरचे आलेख : एक वर टेकलेला, दुसरा निवांत. मी दादाला ते सांगत होते, तर म्हणाला, "थांब, ऐकू दे."
अकरा पानं. सलग. 

२० फेब्रु., रवि.
दादाची मैत्रीण रेखाताई इंदापुरात शिक्षिका, तिलाही दिसत नाही. फोनवर तिला आमच्या यंत्राचा आवाज ऐकवला. असा कॉम्प्युटर दुकानात मिळंल का, तिनं विचारलं. मी दादाला घेऊन जगतापरावांना गाठलं. एका चिपमध्येच दोन प्रोसेसर येणार, असं त्यांनी कुठंतरी वाचलंय. पण साधी माणसं घेतील यावर त्यांचा विश्वास न्हाय. दादा म्हणाला, "आवाज तुटला म्हणून एक पुरत न्हाय हे मला कळलं, राव. बाकीच्यांचा कॉम्प्युटर पण असाच अडतो. ते वाट बघत बसत्यात."
जगतापरावांनी वही काढून रेखाताईचं नाव लिहून घेतलं. मग म्हणाले, "पुण्यात विचारून बघतो."